मदत हवी आहे: बॉर्डरवरून सोडलं, पण कोर्टाच्या साइटवर केसच दिसत नाही

मीनल_एडिसन (नोव्हेंबर २०२३)

इमिग्रेशनमधलं कळणारं कोणी असेल तर कृपया वाचा, घाई आहे.

प्रश्न आमच्या इथल्या, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या किराणा दुकानवाल्या भाईंचा आहे. मी मुलुंडची, गुजराती वाचता-बोलता येतं, म्हणून कागद माझ्याकडे आले. भाईंचा धाकटा भाऊ, बायको, नऊ आणि चार वर्षांच्या दोन मुली आणि बहिणीचा पंधरा वर्षांचा मुलगा, असे पाच जण ॲरिझोनातून बॉर्डर ओलांडून अमेरिकेत आले. एजंटला किती दिले, मुळात आलेच कशाला, ही चर्चा इथे नको. वेगळा धागा काढा, तिथे मीही येईन भांडायला.

बॉर्डर पॅट्रोलने पकडलं, नोंदी केल्या, प्रत्येकाला ए-नंबर (परदेशी माणसाच्या फाइलचा क्रमांक) दिला. मग भाच्याला वेगळं काढलं आणि चौघांना सोडलं. भावाच्या पायात जीपीएसचा पट्टा आहे, रात्री ११ ते पहाटे ५ घराबाहेर पडायचं नाही, आणि न्यूअर्कला लवकरच मुलाखत आहे. कागदावर कोर्टाची तारीख नाही. इमिग्रेशन कोर्टाच्या साइटवर ए-नंबर टाकला तर केस सापडत नाही. एजंटचा माणूस फोनवर म्हणतो, केस नाही म्हणजे सुटलात, पट्टा कापा आणि दुसऱ्या राज्यात जा! मला हे अजिबात पटत नाही, पण मी कोण, वकील थोडीच?

भाच्याचंही कळत नाही. सख्ख्या मामाबरोबर आला होता ना? मेहसाण्यात त्याच्या आईने २०१८ च्या बातम्या डोक्यात घेतल्यात, मुलगा आता परत मिळत नाही म्हणून रडते आहे. शिवाय ही मंडळी पुढच्या आठवड्यात भाड्याच्या खोलीत जाणार. पत्ता कोणाला कळवायचा?

---

सदानंद_ह्यूस्टन

मीनलताई, पट्ट्याला हात लावू देऊ नका. बाकीचं नंतर.

रात्रीचा कर्फ्यू आणि न्यूअर्क म्हणजे बहुधा आइसची (इमिग्रेशन कायद्याची अंमलबजावणी करणारं खातं) मे २०२३ मध्ये सुरू झालेली 'फॅमिली एक्स्पेडायटेड रिमूव्हल मॅनेजमेंट' योजना. पहिल्या चार शहरांत न्यूअर्क होतं. यात कुटुंबाला कोठडीत न ठेवता जलद परतपाठवणीच्या प्रक्रियेत घालतात. मुलाखत घेणारा असायलम (म्हणजे आश्रय) ऑफिसर यूएससीआयएसचा, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या खात्याचा. परत गेल्यास जिवाला धोका आहे, ही भीती त्याला विश्वासार्ह वाटली तरच कोर्टात हजर राहण्याची नोटीस निघते आणि केस साइटवर येते. म्हणजे तुम्ही बघितलंत ते बरोबर, केस अजून तिथवर पोचलेलीच नाही. मुलाखत चुकवली तर हद्दपारीचा हुकूम निघू शकतो. नापास झाले तर न्यायाधीशाकडून फेरतपासणी मागता येते, पण ती मागावी लागते.

२००३ मध्ये जुनी आयएनएस (इमिग्रेशनचं सगळं बघणारं खातं) मोडली आणि कामं वाटली गेली: पकडणारे सीबीपी (बॉर्डर पॅट्रोल त्यातलंच), पट्टा आइसचा, मुलाखत यूएससीआयएसची. कोर्ट तर न्याय खात्याचं. एका खिडकीवर सांगितलेलं दुसरीला कळेल, ही आशा सोडा. पत्ता आइसच्या अधिकाऱ्याला हलण्याआधी सांगा, यूएससीआयएसला एआर-११ फॉर्मने १० दिवसांत. पुढे कोर्ट लागलं की तिथला फॉर्म वेगळा, मुदत ५ कामकाजाचे दिवस.

---

रेवती_ह

भाच्याबद्दल. कायद्यात आई-वडील किंवा कायदेशीर पालक धरतात. मामा, आजी, मोठा भाऊ, कोणीही सोबत असलं तरी मूल विनापालकच. २००८ च्या कायद्याने अशा मुलाला ७२ तासांत आरोग्य खात्याच्या ओआरआरकडे (निर्वासित पुनर्वसन कार्यालय) द्यावं लागतं. म्हणून तो आता निवारागृहात असणार, बॉर्डर पॅट्रोलच्या कोठडीत नव्हे.

आईला सांगा, हे २०१८ चं प्रकरण नाही. तेव्हा आई-बापांवर खटले भरून त्यांचीच मुलं काढून घेतली होती. २६ जून २०१८ ला सॅन डिएगोच्या न्यायाधीशांनी ते थांबवलं. इथे मुलगा मिळवायचा रस्ता आहे: एडिसनचे दुकानवाले मामा 'स्पॉन्सर' म्हणून अर्ज करू शकतात. ओआरआरच्या हेल्पलाइनवर मुलाचं नाव, जन्मतारीख, ए-नंबर देऊन चौकशी करा. केस मॅनेजर नातं सिद्ध करायला मामांचा आणि आईचा जन्मदाखला मागेल, मामांचे ठसे घेतील. वेळ लागतो. खरं तर मुलाची बाजू सोबत आलेल्या मामापेक्षा बरी आहे. त्याला जलद परतपाठवणी लागू नाही, आणि असायलम मागितलाच तर अर्ज आधी यूएससीआयएसकडे जातो, न्यायाधीशासमोर नाही.

---

मीनल_एडिसन

दोघांचे खूप आभार! एजंटच्या माणसाचा फोन उचलू नका असं सांगून आले. मुलाखतीला मी दुभाषी म्हणून बसू का?

---

रेवती_ह

नाही, दुभाषी त्यांचाच असतो, बहुतेकदा फोनवर. मात्र सोबत सल्लागार नेता येतो, त्यासाठी फुकट काम करणारा वकील मिळतो का बघा. आणि भाषा आत्ताच गुजराती म्हणून नोंदवायला लावा. "हिंदी चालेल ना?" असं विचारतील तर नाही म्हणायचं.