उन्हात छापलेल्या कापडाची वही करतेय, पण निळं सगळं पिवळं झालं! वाचवता येईल का?

गॅलरीतलं_ऊन

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, चहा घेऊनच बसा. भाची डिसेंबरात नोकरीसाठी बंगळुरूला चाललीये, तिला हाताने केलेली कापडी वही द्यायची असं डोक्यात आलं. पानं कापडाची आणि प्रत्येक पानावर आमच्या सोसायटीतल्या एकेका झाडाचा ठसा, सायनोटाइपने, म्हणजे तेच ते उन्हात निळं होणारं. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड अशा दोन पावडरी मागवल्या (दुसरीचं नाव वाचून नवरा दोन दिवस माझ्या हातचा चहा वास घेऊन पीत होता), मांजरपाट आणलं दोन मीटर, रात्री बाथरूममध्ये झीरोच्या बल्बवर कापडाला मिश्रण लावलं, तिथेच वाळवलं आणि दुसऱ्या दिवशी गॅलरीत साडेअकराच्या उन्हात पानं मांडून वर फोटोफ्रेमची काच ठेवली.

शेवग्याची डहाळी, नेचा, चिंचेचा पाला, एक तर चक्क कोथिंबिरीची काडी. पंधरा मिनिटांनी बादलीत बुडवलं तर पिवळट हिरवं पाणी सुटलं आणि खालून जे निळं वर आलं ना, मी एकटीच गॅलरीत ओरडले. काही तुकड्यांवर रंग ढगाळ बसला पण शेवगा असा उठला होता की एकेक बारकं पान मोजून घ्या.

आता रडगाणं. बारा तुकडे दोरीवर वाळत घातले आणि मी बाजारात गेले. सासूबाईंना ती फडकी वाटली. चांगल्या मनाने बिचाऱ्यांनी आठ तुकडे काढून कोमट पाण्यात वॉशिंग पावडर टाकून भिजवले, मी येईपर्यंत तासभर. निळं गायब. आता चहा सांडल्यासारखे पिवळट डाग दिसतात, नीट बघितलं तर त्यात शेवगा अजून आहे पण भुतासारखा.

तर हे परत निळं होईल का, नाहीतर दुसरं काही करता येईल का, आणि कापडाची लुळी पानं वहीत शिवायची कशी कारण माझं एक पान उभं धरलं की रुमालासारखं खाली पडतं. सासूबाईंना काही बोलले नाहीये, त्यांनाच इतकं वाईट वाटलंय की दोन दिवस कपड्यांना हात लावत नाहीयेत.

रंगारी_गल्ली

अगं ताई फेकू नकोस ते तुकडे!! आधी झालं काय ते सांगते. हा निळा म्हणजे प्रशियन ब्लू, आम्लाला घाबरत नाही पण क्षाराला फार घाबरतो. वॉशिंग पावडरीत सोडा असतो, त्याने निळा मोडतो आणि कापडात उरतं नुसतं लोखंड, गंजासारखं. तुझा पिवळट डाग म्हणजे तेच. परत निळा होणं कठीण, पण लोखंड जागेवर आहे ना, मग त्याला टॅनिन (चहा-हिरड्यातला तुरट अंश) द्यायचं, काळं करायचं. सायनोटाइपवाले मुद्दाम करतात हे, आधी सोड्याच्या पाण्यात निळं उडवायचं आणि मग कडक चहात किंवा कॉफीत बुडवायचं. तुझ्या सासूबाईंनी अर्धं काम फुकटात करून दिलंय.

मी चहाऐवजी हिरडा वापरते. आपल्याकडे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातून महादेव कोळी लोक गोळा करून आणतात तोच, काष्ठौषधीच्या दुकानात पूड मिळते. दोन चमचे पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळायची, नाहीतर कण चिकटून ठिपके पडतात. मग तुकडा साध्या पाण्यात ओला करून त्यात सोडायचा आणि बघत बसायचं. मिनिटाभरात आधी निळी असलेली जमीन करडी व्हायला लागते, दहा मिनिटांत काळपट. पानाच्या पांढऱ्या ठशालाही हलका खाकी पिवळा रंग चढतो, हिरड्याचाच, तो जाणार नाही. मला तो आवडतो, जुन्या कागदासारखा वाटतो. कलमकारीवाले तर आधी अख्खं कापडच हिरड्यात बुडवतात आणि लोखंड नि गूळ आंबवून केलेल्या पाण्याने काळ्या रेघा काढतात, तीच गोष्ट.

आणि ते ढगाळ का झालं तर मांजरपाटाची खळ काढली नाहीस. नवं कापड आधी सोडा घालून अर्धा तास उकळायचं, मग सोड्याचा अंशही राहता कामा नये इतकं खळखळून धुवायचं. पाण्याचा थेंब टाकून बघ, लगेच शोषला तर कापड तयार, मोत्यासारखा बसून राहिला तर परत उकळ. पुढचे तुकडे करशील तेव्हा पंधरा मिनिटांवर पण अडून राहू नकोस, रंग बघ. पोपटी, मग निळा, मग राखाडी कांस्यासारखा मळकट दिसायला लागला की काढायचं. लोक निळा दिसला की खुश होऊन उचलतात आणि धुताना सगळं वाहून जातं.

निवृत्त_आरेखक

धागा वाचून जुने दिवस आठवले. मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत नकाशे काढले. ब्लूप्रिंट म्हणतात ती हीच प्रक्रिया, निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा. आमच्या काळात मात्र अमोनिया प्रिंट आलेल्या होत्या, पांढऱ्यावर निळ्या रेघा आणि त्या खोलीत गेलं की डोळ्यांतून पाणी. लोक दोन्हींना ब्लूप्रिंटच म्हणतात, पण त्या वेगळ्या.

१८४२ साली जॉन हर्शेल यांनी ही पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रातल्या शेवाळांचे असेच ठसे घेऊन पुस्तक काढायला सुरुवात केली. तेव्हा झाडपाल्याचे ठसे आणि वही हा मेळ तुम्ही नवा घातलेला नाही, पण कोथिंबीर बहुधा तुमचीच.

एक महत्त्वाचं. यजमानांची भीती अगदीच खोटी नाही. त्या पावडरीतलं सायनाइड लोखंडाला घट्ट बांधलेलं असतं म्हणून सहसा त्रास नाही, पण तीव्र आम्ल पडलं किंवा खूप तापवलं तर विषारी वायू सुटू शकतो. तुम्ही बाथरूममध्ये काम करता, तिथे फरशी धुवायचं ॲसिड असतंच. ते त्या दिवशी बाहेर ठेवा. हातमोजे घाला, पावडर मोजताना तोंडाला फडकं बांधा, आणि त्यासाठी वापरलेली वाटी-चमचा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

चिवडा_विथ_चहा

नवऱ्याने चहाचा वास घेणं थांबवलं का ते आधी सांगा

गॅलरीतलं_ऊन

@चिवडा आता तो स्वतःच करतो चहा, माझा फायदाच झाला.

@काका धन्यवाद, ॲसिडची बाटली खरंच तिथेच होती हो, कोपऱ्यात. आज उचलून बाहेर ठेवली. @रंगारी, आमच्याकडे टँकर आणि बोअर मिक्स पाणी येतं, भांड्यांवर पांढरे डाग पडतात असं. उरलेले चार निळे तुकडेपण जरा फिके वाटायला लागलेत, तो मनाचा खेळ का पाण्याचा?

रंगारी_गल्ली

पाण्याचाच. बोअरचं पाणी क्षाराकडे झुकलेलं असतं. पहिल्या धुण्याच्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्व टाकत जा, बादलीला अर्धा चमचा पुरे. काकांनी सांगितलेलं ॲसिड वेगळं आणि हे वेगळं, सरबतात घालतो तेवढं सौम्य आहे हे, घाबरू नकोस. आणि निळा लगेच गडद बघायचा असेल तर शेवटच्या पाण्यात मेडिकलमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचं एक झाकण टाक, नाहीतर वाळत ठेव, एक दिवसात आपोआप गडद होतो. पुढे कधी वही मळली तर नुसतं साधं पाणी, साबण नाही, सोडा नाही, सासूबाई नाहीत :)

जुजबंदी

राम राम. आमचं कोल्हापुरात तीन पिढ्यांचं बाइंडिंगचं काम, म्हणून शिवण्याचं मी बोलतो, रंगातलं मला काही कळत नाही.

ताई कापडाचं पान एकेरी ठेवू नका. दोन तुकडे पाठीला पाठ लावायचे आणि मध्ये बकरम घालायचं, शिंपी कॉलरीत घालतात ते, पातळ मागा, जाड घेतलंत तर वही मिटणार नाही. ठशाची बाजू बाहेर. कडा आत दुमडून सगळीकडून धावदोरा घाला. गोधडीला घालतो तसाच, अगदी सरळ रेघेत आला नाही तरी चालतो, उलट बरा दिसतो. मशीन मारलीत तर ती शाळेच्या दप्तरासारखी दिसेल असं माझं मत, बाकी तुमची मर्जी.

तुकडा वहीच्या दुप्पट रुंद ठेवायचा म्हणजे मधे घडी घातली की त्याची दोन पानं होतात. मधल्या घडीच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागेत ठसा येऊ देऊ नका, शिवणीत जाईल. आता बारा तुकडे आहेत, पाठीला पाठ लावून सहा झाले. तीन-तीन एकात एक घालून दोन जुज (एकत्र शिवायचे घडीचे गठ्ठे) करा. सहाचं एकच केलंत तर मधली पानं बाहेर डोकावतात, कापड जाड असतं ना. मी तर प्रत्येक कापडाच्या आत एक हातकागदाचा ताव पण घालीन, कारण पोरगी त्यात लिहिणार कशाने? कापडावर पेनाची शाई पसरते. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, कधी गेलात तर तिथला जाड कागद बघा, सुती चिंध्यांपासूनचा, तो कापडाशेजारी परका वाटत नाही.

शिवायला सोपं सांगतो. घडीवर तीन भोकं, एक मधोमध, दोन कडांपासून दोन-दोन बोटं आत. दाभणाने आधी भोकं पाडून घ्या, सुईने जोर लावत बसू नका, सुई मोडते नाहीतर बोटात जाते. दोरा मेणात ओढून घ्या. बाहेरून मधल्या भोकात शिरायचं, आतून वर जाऊन वरच्या भोकातून बाहेर, मग बाहेरच्या अंगाने सरळ खाली येऊन खालच्या भोकातून आत आणि परत मधल्यातून बाहेर. आता बाहेर एक लांब टाका दिसेल, दोऱ्याची दोन टोकं त्याच्या दोन बाजूंना घ्या आणि तो टाका मधे धरून गाठ मारा. टाका धरला नाहीत तर सगळं ढिलं पडतं, नवीन माणूस इथेच चुकतो. दोन्ही जुज असेच पाठीच्या कापडातूनच शिवून घ्या, शेजारी-शेजारी, मधे दोन काड्यापेटीच्या काड्यांएवढं अंतर ठेवून.

बाहेरच्या पाठीला खारवा मिळाला तर बघा. जुन्या चोपड्यांना असतो तो लाल. आमचे आजोबा पुठ्ठ्याला लावायच्या खळीत मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून. तुम्ही घालू नका, ते विषारी असतं आणि तुमच्या घरात आधीच एक पावडर झालीये.

सातवी_ब_च्या_बाई

मी शाळेत मुलांबरोबर हेच हळदीने केलंय, केमिकल अजिबात नको असेल त्यांच्यासाठी लिहिते. हळदीचा डाग पडलेला शर्ट आई उन्हात टाकायची आठवतंय का, डाग उडायचा, बस्स तेवढंच शास्त्र. हळद स्पिरिटमध्ये कालवायची (हे मी स्वतः करते, मुलांना नाही देत आणि जवळ गॅस चालू नाही ठेवायचा), गाळून कापडाला लावायची, वाळली की पान ठेवून काच ठेवून दोन-तीन तास कडक ऊन. उघडी हळद फिकी पडते, पानाखालची राहते. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलं की उरलेली हळद लालसर तपकिरी होते. मुलं अशी किंचाळली होती की शेजारच्या वर्गावरचे सर बघायला आले. हळदीला टाकणखार लावून कुंकू करतात ते मग त्यांना न सांगताच कळलं.

हा रंग टिकाऊ नाही हे खरं, भिंतीवर लावलात तर महिन्यात जाईल. पण वही मिटलेली असते ना! आत ऊन कुठून येणार. माझी पहिली वही चार वर्षांची आहे, कपाटात असते, वडाचं पान अजून दिसतं. मधली दोन पानं हळदीची टाकून बघा, निळ्याशेजारी छान दिसतील. फक्त दोघांना एकत्र भिजवू नका, हळदीला लागतो सोडा आणि तुमच्या निळ्याला नेमका तोच चालत नाही.

गॅलरीतलं_ऊन

अपडेट द्यायला आले!!! हिरडा मिळाला, दुकानदाराने विचारलं पोट साफ होत नाही का, मी हो म्हणाले, कुठे समजावत बसू.

आठपैकी सहा तुकडे वाचले. दोन जे बादलीत तळाशी होते त्यांच्यातलं लोखंडच गेलं असावं, नुसते खाकी झाले, ते आता वहीच्या आतल्या कव्हराला अस्तर म्हणून लावणार आहे. पण सहा असे आलेत की काय सांगू, जमीन आता शाई ओतल्यासारखी काळी, देठाजवळ जरा जांभळट, आणि शेवगा जुन्या पोथीच्या कागदासारखा. एका तुकड्यावर चिमटा होता तिथे पट्टा राहिलाय तोपण ठेवणार. काळे सहा आणि निळे चार, जुजबंदीदादांच्या हिशोबाने दोन कमी पडतायत ते हळदीचे करणार, बाई. या रविवारी ऊन आहे.

आणि हो, सासूबाईंनी हिरड्याच्या पातेल्यात तुकडा काळा होताना बघितला. पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग आत गेल्या आणि त्यांच्या आईची एक विटलेली, पांढरी झालेली नऊवारी घेऊन आल्या, म्हणाल्या मांजरपाट कशाला आणतेस, हे घे, याची खळ पन्नास वर्षांपूर्वीच निघालीये.

दादा, नऊवारीचं सूत फार मऊ आहे, त्यालापण तेच पातळ बकरम चालेल का दुसरं काही?

जुजबंदी

बकरम नको, फाटेल कडेला. जुनी मलमल घ्या आत, दुहेरी. आणि काठ कापू नका, काठाची बाजू पानाच्या बाहेरच्या कडेला येऊ द्या, तिथे धावदोऱ्याची गरजच नाही.