मदत हवी आहे: विंडोज ११ वर डॉट नेट ३.५ चालू होत नाही, वाचनालयाचा प्रोग्रॅम अडला

नमस्कार मंडळी,

इंदूरला राजवाड्याजवळच्या एका मराठी वाचनालयाचा संगणक मी सांभाळतो. देवघेव, वर्गणी, अनामत सगळं एका जुन्या प्रोग्रॅममध्ये आहे. तो लिहिणारे काका आता नाहीत आणि सोर्स कोड कुणाकडेच नाही. विंडोज ७ चं मशीन बंद पडलं, म्हणून विंडोज ११ चं नवीन घेतलं. डेटाची एमडीबी फाइल (मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसचा जुना डेटाबेस) जुन्या डिस्कवरून सुखरूप निघाली.

आता आयकॉनवर क्लिक केलं की डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ (असे जुने प्रोग्रॅम चालायला लागणारा विंडोजचा भाग) मागतो. विंडोज ७ मध्ये ते चालूच असायचं. ११ मध्ये बंद असतं, आणि सोबतचं ४.८ त्याचं काम आपोआप करत नाही. इन्स्टॉल दाबलं की पट्टी थोडी सरकते, अडते आणि एरर येतो: ०एक्स८००एफ०८१एफ. विंडोज फीचर्समध्ये खूण केली तरी तेच. माझ्याजवळच्या विंडोज ११ च्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हमधलं एसएक्सएस फोल्डर (यात ३.५ च्या फाइली असतात) डिझम कमांडला (विंडोजचे भाग चालू-बंद करणारी कमांड) दाखवलं, तरीही तेच. नेट उत्तम चालू आहे.

एकाने कुठल्याशा साइटवरून सुट्या डीएलएल (प्रोग्रॅमला लागणाऱ्या साहाय्यक फाइली) उतरवून टाकायला सांगितलं. ते मी करणार नाही, सभासदांचे पत्ते आणि फोन याच मशीनवर आहेत.

सध्या देवघेव वहीत चालली आहे. दुपारी येणारे आजी-आजोबा विचारतात, 'माझ्या नावावर कुठलं पुस्तक आहे रे?' आणि मला सांगता येत नाही. फार वाईट वाटतं. कृपया सुचवा.

प्रतिसाद १:
दादा, आधी विनव्हर चालवून मशीनची आवृत्ती बघा. मशीन २४एच२ आणि पेन ड्राइव्ह २२एच२ असेल तर फाइली जुळत नाहीत आणि नेमका हाच कोड येतो. मशीनच्याच आवृत्तीचं आयएसओ (विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घ्या, डबल क्लिक करून माउंट करा आणि जे ड्राइव्ह अक्षर मिळेल तेच कमांडमध्ये द्या. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. फीचरचं नाव नेटएफएक्स३. शेवटी लिमिटअ‍ॅक्सेस लावा, म्हणजे तो विंडोज अपडेटकडे धावणार नाही.

धागाकर्ता:
पेन ड्राइव्ह खरंच २२एच२ चा निघाला! नव्या आयएसओवरून ३.५ चालू झालं, प्रोग्रॅम उघडला. पण सभासद यादी उघडताना म्हणतो, जेट ४.० प्रोव्हायडर (एमडीबी फाइल वाचणारा भाग) नोंदलेला नाही.

प्रतिसाद २:
जेट फक्त ३२ बिटचा असतो. तुमचं जुनं विंडोज ३२ बिटचं असणार, इथे प्रोग्रॅम ६४ बिटमध्ये चालतोय. ईएक्सईची प्रत काढून ठेवा आणि विंडोज एसडीकेमधल्या (मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅमरांसाठीचा साधनसंच) कोरफ्लॅग्ज या साधनाने मूळ ईएक्सईवर ३२ बिटची खूण लावा. सोर्स कोड लागत नाही.

धागाकर्ता:
यादी उघडली! दोघांचेही मनापासून आभार. ३.५ चा सपोर्ट ९ जानेवारी २०२९ ला संपणार आहे, तेव्हा डेटा आत्ताच हलवावा म्हणतो. एमडीबीतल्या मराठी नोंदी कोहामध्ये (वाचनालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) कुणी नेल्या आहेत का?