मदत हवी: कृतिदेवमधल्या कथा युनिकोडमध्ये आणायच्यात, पण बोली मोडायची नाही

नमस्कार मंडळी,

मी सेलूची, जिल्हा परभणी. बाजारात झेरॉक्स-टायपिंगचं छोटं दुकान आहे. शपथपत्रं, पीकविम्याचे अर्ज, ग्रामपंचायतीचे ठराव, लग्नपत्रिकांचा मजकूर, जे येईल ते टाइप करते. गिऱ्हाईक नसलं की त्याच कॉम्प्युटरवर कथा लिहिते. आजवर दहा-बारा झाल्यात. सगळ्या कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये, कारण सरकारी टायपिंग परीक्षेची मराठी ३० आणि ४० (मिनिटाला तितके शब्द) मी रेमिंग्टनवरच, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डवरच दिली आणि बोटं तिथंच बसली.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा मागितली आहे (अंकाचं नाव सांगत नाही, छापून आली तर सांगेन). मी फाइल मेल केली तर त्यांचा फोन, "ताई, हे सगळं इंग्रजी अक्षरांत दिसतंय, युनिकोडमध्ये पाठवा." युनिकोड म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटर-फोनवर मराठीच दिसतील अशी अक्षरं. मग नेटवरच्या एका फुकट कन्व्हर्टरमधून फाइल काढली. वरवर बरी वाटली. वाचायला बसले तर 'शेतकऱ्याच्या'चं 'शेतकर्याच्या', 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर', 'पाणी नाही ऱ्हायलं'चं 'पाणी नाही र्हायलं'. कुठं ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटलेली. एका कथेत असं दोनशे ठिकाणी असेल.

भाचा म्हणाला, मावशी, एआयला दे, दोन मिनिटांत शुद्ध करून देतं. दिलं. रफार नीट झाले, पण माझ्या कथेतली म्हातारी नातवाला म्हणते, "कुठं मेल्ता रं दिवसभर?" त्याचं झालं, "तू दिवसभर कुठे होतास?" पुढची दोन पानं ती म्हातारी अशी बोलते की जणू सातच्या बातम्या देतेय. फोनवर टाइप करून पाहिलं तर तो 'गेल्तो' लिहिलं की 'गेलो' करतो.

तर विचारायचं असं आहे:

जुन्या फाइली नीट युनिकोडमध्ये कशा आणायच्या? सगळं पुन्हा टाइप करायचं म्हटलं तर हंगामात वेळ नाही, अंकाची मुदत जुलैअखेर आहे. आणि पुढचं लिखाण सरळ युनिकोडमध्ये करायचं तर या वयात नवा कीबोर्ड शिकू, की रेमिंग्टनवरच काही सोय आहे?

दुसरं, कथा वाचून दाखवायला कुठं जागा मिळते? इथं आम्ही काही जण शनिवारी संध्याकाळी वाचनालयात बसतो, एकमेकांचं ऐकतो. पण सगळी ओळखीची माणसं, त्यामुळं "छान छान" पलीकडं कुणी बोलत नाही. अनोळखी माणसांनी ऐकावं असं वाटतं. परभणी, जालना, संभाजीनगरला रेल्वेनं जाता येतं, त्यापलीकडं मुक्कामाला जमणार नाही.

आणि बोलीत लिहिणाऱ्यांची कोणती पुस्तकं वाचू? एका प्रकाशकानं संग्रह काढून देतो म्हणून चाळीस हजार मागितलेत, त्यावरही कुणाला अनुभव असेल तर सांगा.

———

जालना कंपोझिटर:

ताई, वीस वर्षं छापखान्यात डीटीपी करतोय, हा रोग रोजचा आहे. फुकट कन्व्हर्टर बहुतेक हिंदीसाठी केलेले असतात. हिंदीला आपला अर्धा र, म्हणजे 'ऱ्या' आणि 'ऱ्हा'मधला, लागतच नाही. म्हणून ते सरसकट रफार देऊन मोकळे होतात. वेलांटीचं कारण वेगळं. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये बरोबर उलटं. कन्व्हर्टर ती अदलाबदल करतो आणि जोडाक्षर आलं की गडबडतो.

उपाय: कन्व्हर्ट केलेली फाइल वर्डमध्ये उघडा. फाइंड-रिप्लेसमध्ये 'र्ह' शोधून 'ऱ्ह' करा. हे जवळपास डोळे झाकून चालतं, फक्त 'अर्हता'सारखा शब्द असेल तर बघून घ्या, कथेत तो कशाला येईल म्हणा. मग 'र्य' शोधा. इथं मात्र 'रिप्लेस ऑल' दाबू नका. 'सूर्य', 'कार्य', 'आश्चर्य', 'धैर्य' यांचा रफार खराच आहे. एकेक ठिकाणी थांबून ठरवायचं. दोनशे जागा असल्या तरी एका बैठकीत उरकतं. वेलांट्यांना असा शॉर्टकट नाही. मूळ फाइल कागदावर काढा आणि कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावून तुम्ही पडद्यावर बघा. आम्ही प्रूफं अशीच बघतो.

संपादकांना वर्ड फाइलबरोबर पीडीएफही पाठवा. त्यांच्याकडं फाइल उघडताना काही हललंच तर मूळ कसं होतं ते पीडीएफमध्ये दिसतं.

रेमिंग्टनचं म्हणाल तर बोटं बदलायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टचं मराठी इंडिक इनपुट टाकून घ्या, त्यात टाइपरायटरचा लेआउट निवडता येतो. पण मला विचाराल तर इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड शिका. विंडोजमध्ये आधीपासूनच असतो, काही उतरवावं लागत नाही. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ज्याला रेमिंग्टन येतं त्याला हा पोरखेळ वाटेल. दुकानात जुने फॉर्म कृतिदेवमध्ये आणि कथा इनस्क्रिप्टमध्ये, असं माझ्याकडची मुलगी आरामात करते.

———

रानवाटा ४३१:

फोनवर गूगलचा जीबोर्ड असेल तर सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटो-करेक्शन' बंद करा. तिथंच शब्दकोश म्हणून एक जागा आहे, त्यात 'गेल्तो', 'आल्ता', 'म्हन्ली' असे तुमचे शब्द टाकून ठेवा, मग कीबोर्ड स्वतःच सुचवतो. गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टाइप होतं, पण बोलीवर ते सुद्धा इस्त्री फिरवतं आणि स्वल्पविराम-पूर्णविराम हातानंच द्यावे लागतात. संवादांसाठी वापरू नका, वर्णनापुरतं ठीक.

———

ग्रंथपाल, हिंगोली:

कार्यक्रमांबद्दल सांगतो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्याकडं धाराशिवला २०२० मध्ये झालं, उदगीरला २०२२ मध्ये. दोन्हीकडं गर्दी बघण्यासारखी होती, पुस्तकं घ्यायला त्यासारखी जागा नाही. पण नव्या कथाकाराला तिथं कोण ऐकणार? कविकट्टा तरी असतो, कवी नंबर लावून म्हणून घेतात. कथेला वेळ लागतो, आणि वेळ तिथं कुणालाच नसतो.

तुम्हाला हवं ते लहान ठिकाणी मिळेल. ग्रंथालय संचालनालयातर्फे जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव होतो, त्यात स्थानिक लेखकांचं एखादं सत्र असतं. परभणीच्या जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात जाऊन नाव देऊन ठेवा. कार्यक्रमपत्रिका छापायच्या आधी गेलात तर उपयोग, नंतर सगळे हात जोडतात. परभणीलाच सप्टेंबरात कवी-कथाकार बी. रघुनाथांच्या आठवणीत कार्यक्रम होतात, त्यांचं निधन ७ सप्टेंबर १९५३ चं. तिथं येणारा माणूस वाचणारा असतो. मराठवाडा साहित्य परिषदेच्या शाखा जिल्ह्या-तालुक्यांत आहेत, तिकडंही चौकशी करा. परिषदेचं 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक आहे, त्याच्याकडं कथा पाठवायला हरकत नाही.

चाळीस हजारांचं म्हणाल तर देऊ नका, निदान आत्ताच नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ती लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी आहे. स्वतःच्या पैशानं संग्रह काढून बसलात की तो 'पहिला' तिथंच खर्ची पडला. आमच्या वाचनालयात येणाऱ्या एका कवींचं असंच झालं, आता हळहळतात. जाहिरात मंडळाच्या संकेतस्थळावर येते. त्याच ठिकाणी मंडळाची बरीच पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, तुमच्या शनिवारच्या मंडळींना सांगा. आणि कुणी आयएसबीएनचे (पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे) म्हणून वेगळे पैसे लावले तर समजून जा, भारतात तो क्रमांक मोफत मिळतो.

बोलीतला एखादा शब्द छापायला काढताना शंका आली तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. आपल्याकडचे म्हणून वाटणारे कितीतरी शब्द त्यात सापडतात.

———

काळी कसदार:

एआयला दोष देऊन उपयोग नाही, आपले शाळामास्तरही हेच करायचे. फरक इतकाच की ते छडी मारून करायचे. वापरायचंच असेल तर त्याला फक्त 'र्य' आणि 'र्ह' असलेल्या ओळींची यादी काढून द्यायला सांगा, मजकुराला हात लावू देऊ नका.

पुस्तकं. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' वाचली नसेल तर आधी ती. १९७१ ची. पूर्ण कादंबरी एक बाई आपल्या बोलीत सांगते, निवेदनसुद्धा. प्रमाण भाषेत निवेदन आणि अवतरणचिन्हांत बोली, ही जी सवय आपल्याला लागली आहे ती सोडून काय करता येतं ते तिथं कळतं. मग आसाराम लोमटे यांचा 'आलोक', २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार याच संग्रहाला आहे आणि माणूस तुमच्याच जिल्ह्याचा. त्यांच्याकडं निवेदन प्रमाण भाषेच्या जवळ राहतं. दोन वाटा आहेत, दोन्ही वाचून आपली ठरवा.

पुस्तकाइतकंच ऐकायचंही काढा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर आहेत, लाखाहून जास्त, कित्येकांचा आवाजही आहे. माजलगावच्या बायांनी म्हटलेल्या ऐका. वाक्य कुठं तोडायचं, कुठला शब्द आधी टाकायचा, हे त्या बायांना कुणी शिकवलं नव्हतं.

———

पेठेतला वाचक:

सगळ्यांशी थोडा असहमत. दिवाळी अंक मुंबई-पुण्यातही जातो. पानापानावर 'गेल्ता-मेल्ता' आलं तर वाचक पान उलटतो. थोडं सौम्य करायला काय हरकत?

———

काळी कसदार:

पान उलटणारा उलटू द्या. पण एक मुद्दा तुमचा बरोबर आहे, ताईंनी एका शब्दाचं एकच लेखन ठेवावं. 'म्हन्ला', 'म्हनला', 'म्हणला' तिन्ही एका कथेत आले तर प्रूफवाला आपल्या मनानं तिन्ही 'म्हणाला' करतो. आपल्या शब्दांची एक यादी करा आणि मेलमध्येच लिहा, "हे शब्द मुद्दाम असे आहेत, बदलू नयेत."

———

मूळ धागा लिहिणारी:

सगळ्यांचे आभार. जालन्याच्या दादांनी सांगितल्यासारखं एका कथेचं केलं. 'र्ह' एका झटक्यात झालं. 'र्य'ला बसले तेव्हा दुकानात गिऱ्हाईकं येत होती, तरी दुपारच्या आत उरकलं. 'सूर्य' खरंच एकदाच निघाला, बाकी सगळे शेतकरी. वेलांट्या मुलीकडून मोठ्यानं वाचून घेतल्या. तिनं म्हातारीचं बोलणं अगदी आमच्या आजीच्या आवाजात वाचलं, त्यामुळं एक संवाद लांबलाय हेही कळलं, कापला.

शब्दांची यादी केली आहे, मेलला जोडते. ग्रंथपाल सर, परभणीला पुढच्या आठवड्यात स्टॅम्प पेपर आणायला जायचंच आहे, तेव्हा कार्यालयात नाव देऊन येते. प्रकाशकाला सध्या नाही म्हणून कळवलं. त्यांनी लगेच पंचवीस हजारांत करून देतो म्हटलं!

आता एकच राहिलं. संपादकांनी मानधनाबद्दल काहीच म्हटलेलं नाही. विचारलं तर वाईट दिसेल का?

———

जालना कंपोझिटर:

तुम्ही शपथपत्राचे पैसे घेता तेव्हा वाईट दिसतं का?

———

काळी कसदार:

विचारा, पण कथा पाठवतानाच विचारा, छापून आल्यावर नाही. एक ओळ पुरे: मानधन आहे का, असल्यास किती, आणि अंकाची प्रत पोस्टानं येईल का. बरेच अंक काही देत नाहीत, ते तसं सांगतील, मग द्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. उत्तर येईपर्यंत तीच कथा दुसऱ्या अंकाला मात्र देऊ नका. दोन्हीकडं छापून आली तर पुढच्या वर्षी दोघंही फोन उचलत नाहीत.