प्युरिफायरने भिंत कोरडी होत नाही
एअर प्युरिफायर (हवा शुद्ध करणारं यंत्र) घेतला की बुरशीची काळजी मिटते, असं म्हणतात ते मला अर्धंच पटतं. त्यातला हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारी गाळणी) हवेतली धूळ आणि बुरशीचे बीजाणू पकडतो, खरंय. पण बुरशी वाढते भिंतीतल्या ओलीवर, आणि ओल त्याने तसूभरही कमी होत नाही. आमच्या ठाण्याच्या घरात बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं कपाट जुलैत ओढलं, तर मागे काळ्या ठिपक्यांचा पट्टा आणि प्लायवर पांढुरकी लव. आईचा खोकला नेमका त्याच खोलीत वाढायचा. कपाट चार बोटं पुढे घेतलं, पंख्याखाली कपडे वाळत घालणं बंद केलं (ते सगळं पाणी खोलीतच राहतं हो!), बाहेरची भेग भरून घेतली, तेव्हा कुठे फरक पडला.

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते आधी घ्या. आकडा सतत ६० टक्क्यांच्या वर राहिला तर बुरशीला रान मोकळं. धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) तर ५० च्या वरच फोफावतात. आणि बुरशी कोरड्या ब्रशने कधीच खरडू नका, बीजाणू घरभर उडतात. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या.