बेंचमार्किंगला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : व्यवस्थापनावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. 'बेंचमार्किंग'साठी 'तुलना' चालेल का? 'मानदंड-निश्चिती'ही सुचवलं गेलंय, पण वाक्यात बसत नाही.

उत्तर : 'तुलना' तोकडा पडेल. 'बेंचमार्क' हा मूळचा भूमापनातला शब्द. दगडावर किंवा भिंतीवर छिन्नीने आडवी खाच पाडायची, तीत लोखंडी कोन बसवला की मोजपट्टी टेकवायला बाक तयार. नंतर कोणीही मोजणीला आलं तरी पट्टी त्याच उंचीवर उभी राहणार. या नामाला 'मानदंड' शोभतो.

व्यवस्थापनात मात्र अर्थ पुढे सरकला : सरस काम करणाऱ्यांची पद्धत पाहून शिकणं. 1979च्या सुमारास झेरॉक्सला कळलं की आपला जेवढा नुसता उत्पादनखर्च आहे, तेवढ्या किमतीत जपानी कंपन्या कॉपीयर विकताहेत. मग त्यांनी प्रतिस्पर्ध्यांची यंत्रं खोलून पाहिली. गोदामाच्या कामासाठी तर ते थेट टपालाने कपडे-बूट विकणाऱ्या एल. एल. बीनकडे गेले. धंदा वेगळा, पण लहानमोठ्या, वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तू हातानेच उचलून गोळा करायच्या, ही अडचण दोघांची सारखी. बीनकडे जास्त खपाचा माल उचलणाऱ्याच्या हाताशी ठेवलेला असे. 'तुलना' म्हटलं की आकड्यांचा तक्ता डोळ्यांसमोर येतो, ही मांडणी येत नाही. आणि खरं मोल तिचंच आहे.

प्रश्न : मग 'निकष'?

उत्तर : तो नकोच. निकष आपण कागदावर ठरवतो, बेंचमार्क कोणीतरी प्रत्यक्षात गाठलेला असतो. ही पद्धत टिकली ती यामुळेच, असं मला ठामपणे वाटतं. रीइंजिनिअरिंगचा, म्हणजे कामाची पद्धत मुळापासून नव्याने आखण्याचा, केवढा गाजावाजा झाला आणि ओसरला. बेन अँड कंपनी ही सल्लागार संस्था 1993पासून व्यवस्थापन-साधनांची पाहणी करते आहे, तिच्यात बेंचमार्किंग वर्षानुवर्षं वरच्या साधनांत राहिलं. 'हे जमण्यासारखंच नाही' ही सबब त्याच्यापुढे टिकत नाही, कारण दुसरीकडे ते रोज चाललेलं असतं.

दुसरा प्रतिसाद : सहमत. पण आमच्याकडे चार कंपन्यांचे आकडे शेजारी मांडले की 'बेंचमार्किंग झालं' म्हणतात. तिथे 'तुलना'च योग्य!

उत्तर : अगदी. तिथे 'तुलना'च लिहा. बाकी ठिकाणी पहिल्यांदा 'बेंचमार्किंग, म्हणजे सरस कामगिरी करणाऱ्यांची कार्यपद्धती अभ्यासून आपल्या कामात सुधारणा करणं' असं उलगडून द्या, पुढे नुसतं 'बेंचमार्किंग'. शब्द रुळलेला आहे, वाचक अडखळणार नाही.