भूतान रस्त्याने: मतदार कार्डावर माहेरचं नाव असेल तर फुंटशोलिंगला परमिट मिळतं का?

कृष्णाकाठ:
दिवाळीच्या सुट्टीत भूतानचा बेत आहे. मी, बायको, आई (वय ७१) आणि मुलगी (वय ९, चौथीत). बागडोगऱ्यापर्यंत विमान, पुढे गाडीने जयगाव (आपल्या बाजूचं सीमेवरचं गाव) आणि पलीकडच्या भूतानमधल्या फुंटशोलिंगहून आत. पारोचं विमान चौघांना परवडत नाही.

अडचण कागदांची आहे. बायकोचा पासपोर्ट चारच महिन्यांत संपतोय. मतदार कार्ड आहे, पण त्यावर माहेरचं आडनाव, कोल्हापूरचा पत्ता. मुलीचा पासपोर्ट काढलेलाच नाही. आईकडे मतदार कार्ड आहे. सीमेवर इमिग्रेशनला अडवतील का? आणि या सगळ्याला वेळ किती जातो?

पुणेरी_पगडी:
भारतीयांना भूतानला व्हिसा लागत नाही हो. आधार सगळ्यांकडे असेलच, ते घ्या आणि निघा. उगाच डोक्याला ताप कशाला?

हासीमाऱ्याची_वहिनी:
व्हिसा लागत नाही, पण परमिट लागतं, आणि मोठ्या माणसांना त्यासाठी आधार चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार कार्ड, तेही मूळ. मोबाइलमधला फोटो दाखवून काम होत नाही. पगडीवाल्या दादांचं ऐकून निघालात तर जयगावच्या बाजारात हिंडून परत याल.

हे सांगायचा मला हक्क आहे, कारण माझे मिस्टर हवाई दलात आणि आमचं पोस्टिंग हासीमाऱ्याला होतं. तिथून जयगाव जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर. साताऱ्याहून माहेरचे, कराडहून सासरचे, भूतानला निघालेला प्रत्येक जण आमच्याकडे मुक्काम करून, पिठलं-भात खाऊन पुढे गेलाय. त्यांची कागदं रात्री पंख्याखाली पसरून मीच तपासायचे.

तुमच्या मिसेसबद्दल. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक लागते, त्यामुळे तो बाद. मतदार कार्डच वापरा. माहेरचं नाव असलं तरी बिघडत नाही. माझ्या नणंदेचं तसंच होतं आणि परमिट त्याच नावाने निघालं. फक्त अर्जात आणि हॉटेलच्या बुकिंगमध्ये कार्डावरचंच नाव, त्याच स्पेलिंगने टाका. गोंधळ होतो तो इथेच. बुकिंग करणारे असतात नवरोबा, ते सवयीने सासरचं आडनाव लिहितात आणि काउंटरवर बाई एक, नावं दोन. लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स जवळ असू द्या, मागितली तर असावी.

मुलीला जन्मदाखला चालतो, मूळ प्रत न्या. महापालिकेचा असेल तर मराठी-इंग्रजी दोन्ही असतं. ग्रामपंचायतीचा जुना, हाताने लिहिलेला, नुसता मराठीतला असेल तर आत्ताच नवा काढून घ्या. तिथल्या पोरीला तुमच्या ग्रामसेवकाचं अक्षर कसं लागणार?

पैशांचं. २०२२ च्या सप्टेंबरात सीमा पुन्हा उघडली तेव्हापासून भारतीयांनाही शाश्वत विकास शुल्क (सगळे एसडीएफ म्हणतात) आहे: माणशी, रात्रीचे १,२०० रुपये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं. म्हणजे तुमचे रात्रीचे ४,२०० झाले, पाच रात्रींचे २१,०००. हॉटेल, गाडी, जेवण वेगळं. ज्यांनी पूर्वी फुकटात भूतान केलंय त्यांचं बजेट विचारू नका. अर्ज सरकारी संकेतस्थळावर घरूनच करा आणि शुल्कही तिथेच भरा. जयगावात गाडीतून पाय खाली ठेवला की "परमिट, सर?" करत माणसं येतात. आमच्या एका आतेभावाने एकाला पैसे दिले, आणि त्याने जे केलं ते आतेभावाला मोबाइलवर स्वतःच करता आलं असतं.

प्रत्यक्ष सीमा. नक्षीदार कमानीचं भूतान गेट वाहनांसाठी. पायी जाणाऱ्यांना बाजूच्या इमारतीतून जावं लागतं. आत फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. सासूबाईंचे ठसे काही केल्या उमटेनात. आयुष्यभर भांडी घासून आणि शेण सारवून रेषा राहिल्यात कुठे! काउंटरवरची मुलगी, किरा नेसलेली, विशीतली, उठून बाहेर आली, ओल्या कागदाने त्यांची बोटं पुसली आणि आपल्या हाताने काचेवर दाबून धरली. सासूबाई मराठीत म्हणाल्या, "बाळा, दमलीस गं." ती हसली फक्त. त्यामुळे आईंना घाई करू नका, त्यांना आधी खुर्चीवर टेकू द्या.

आणि घड्याळ! भूतान आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. "चारला पोहोचू" म्हणून रमतगमत निघालात तर तिथे साडेचार वाजलेले असतात. बागडोगऱ्याहून जयगाव चार तास धरा. विमान दुपारचं असेल तर त्या दिवशी सीमेचा नाद सोडा, मुक्काम करा, सकाळी ताजेतवाने जा.

कृष्णाकाठ:
वहिनी, फार उपकार झाले. मी खरंच बुकिंगमध्ये सासरचं आडनाव टाकलं होतं, लगेच बदलतो. 😄 आईला गाडी लागते. थिंपूपर्यंतचा रस्ता कसा आहे?

हासीमाऱ्याची_वहिनी:
घाटच घाट. फुंटशोलिंग तीनशे मीटर उंचीवर, थिंपू तेवीसशेच्या वर, अंतर दीडशे किलोमीटर. पाच तास धरा. गेडूच्या आसपास धुकं असतं. रस्ता मात्र चांगला. आपल्या सीमा सडक संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पाने साठच्या दशकात बांधलाय. त्याआधी, १९५८ मध्ये नेहरू गेले तेव्हा नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून घोड्यावर जावं लागलं होतं. वाटेत ताकतीला दंतकचं कँटीन आहे, तिथे डोसा मिळतो. आईंना भरपेट नका देऊ, अर्धाच. रिंचेनडिंगच्या नाक्यावर परमिट बघतात, ते बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

डोंबिवली_फास्ट:
स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी: भारतीय पर्यटक गाडीला आत दिवसाला ४,५०० रुपये पडतात. आम्ही जयगावात गाडी ठेवून तिकडची टॅक्सी केली. रोख रुपये चालतात, न्गुल्ट्रम (भूतानचं चलन) आणि रुपया एकास एक. उरलेले न्गुल्ट्रम परतण्याआधी किंवा जयगावातच खर्च करा, पुढे सिलिगुडीत कोणी हात लावत नाही. आणि परततानाही इमिग्रेशनला नोंद करायची असते, गप्पांच्या नादात तसंच गेटकडे निघू नका.