सव्वाचार वर्षांचा मुलगा बोलताना अडखळतो: वाचा-उपचारांबाबत (स्पीच थेरपीबाबत) सल्ला हवा आहे

धागाकर्ती (सातारा):
नमस्कार. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा होईपर्यंत सलग बोलत असे. गेल्या नऊ महिन्यांपासून मात्र तो शब्दाच्या पहिल्या अक्षरावर अडखळतो. सुरुवातीला ‘म-म-मला पाणी दे’ एवढेच होते. आता ‘आई’ म्हणताना तोंड उघडे राहते, आवाज फुटत नाही आणि तो डोळे घट्ट मिटून घेतो. आजीबरोबर ‘शुभं करोति’ म्हणताना तो एकदाही अडखळत नाही, त्यामुळे घरातील काहींना तो मुद्दाम असे करतो असे वाटते. सासूबाईंनी जिभेला मधातून वेखंड लावून पाहिले, तर एका नातेवाइकांनी जिभेखालचा पडदा कापून घेण्याचे सुचवले. डॉक्टरांनी पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगितले आहे, परंतु माझा सख्खा भाऊ आजही अडखळत बोलतो, म्हणून मला थांबवत नाही. उपचारतज्ज्ञ कसे निवडावेत आणि तोवर घरी काय करावे?

प्रतिसाद १ (वाचा उपचारतज्ज्ञ):
ताई, आपल्याला थांबवत नाही हे योग्यच आहे. लहानपणी अडखळणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुले पुढे सलग बोलू लागतात, हे खरे. पण कोणते मूल आपोआप सुधारेल हे आधी सांगता येत नाही. मुलगा असणे, जवळच्या नात्यात तोतरेपणा असणे, साडेतीन वर्षांच्या सुमारास किंवा नंतर सुरुवात होणे आणि सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणे या चारही गोष्टी आपण लिहिल्या आहेत, आणि त्या असताना तपासणी पुढे ढकलू नये. शिवाय ‘मला मला मला’ असा पूर्ण शब्द पुन्हा म्हणणे या वयात बहुतेक मुलांमध्ये दिसते. आवाज अडकणे आणि त्यासोबत डोळे मिटणे ही निराळी बाब आहे.

तो मुद्दाम करत नाही, हे घरी अवश्य सांगा. इतरांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा गाताना तोतरेपणा जवळजवळ नाहीसा होतो, हा सर्वत्र आढळणारा अनुभव आहे. जिभेखालच्या पडद्याचा तोतरेपणाशी संबंध नाही, त्यामुळे त्यासाठी शस्त्रक्रिया करू नये.

निवडीबाबत: तज्ज्ञांकडे भारतीय पुनर्वास परिषदेची (अशा व्यावसायिकांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी आहे का, हे प्रथम विचारा. त्यानंतर, उपचाराच्या वेळी पालकांना आत बसवतात का, हे विचारा. सहा वर्षांखालील मुलांसाठी सिडनी येथे विकसित झालेल्या लिडकम पद्धतीत घरचे उपचार पालकच करतात: रोज पंधरा मिनिटे चित्रे पाहत किंवा खेळत साध्या गप्पा, सलग वाक्यानंतर शांतपणे ‘किती छान सलग बोललास’ असे म्हणणे, आणि दिवसभरातील अडखळण्याला एक अंक देऊन तो वहीत लिहिणे. हे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच सुरू करावे, कारण चुकीच्या वेळी केलेली टिप्पणी मुलाला बोचते. पंधरा दिवसांत कायमचा गुण येईल असे आश्वासन देणाऱ्यांकडे जाऊ नका.

प्रतिसाद २ (एका मुलीचे वडील, कोल्हापूर):
आम्ही जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रापासून (मुलांच्या वाढीतील अडचणी लवकर ओळखून उपचार करणारे केंद्र) सुरुवात केली. आपल्याकडील केंद्रात वाचा उपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात, हे आधी विचारून घ्या. सविस्तर तपासणीसाठी मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग ही वाचा व श्रवणविषयक राष्ट्रीय संस्था आहे. दर आठवड्याला प्रवास शक्य नसल्यास व्हिडिओ कॉलवर उपचार घेता येतात. आमचे दुसरे सत्र त्या पद्धतीनेच सुरू झाले आणि त्यात काही उणे पडले नाही.

‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’, ‘पुन्हा नीट म्हण’ हे आम्ही दोन वर्षे म्हणत होतो आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. तिला काय सांगायचे आहे, यापेक्षा ती कसे बोलते याकडेच आमचे लक्ष होते. आता आम्ही स्वतः सावकाश बोलतो, तिचे वाक्य आपण पूर्ण करत नाही आणि जेवताना एका वेळी एकानेच बोलावे असा नियम पाळतो.

प्रतिसाद ३ (स्वतः अडखळत बोलणारा, वय ३४):
मला लहानपणी उपचार मिळाले, पण घरात त्या विषयावर कुणी बोलत नसे, म्हणून ही लाजिरवाणी गोष्ट आहे असे मी धरून चाललो. शाळेत हजेरी घेताना ‘हजर’ हा शब्द निघत नसे आणि माझी गैरहजेरी लागत असे. मुलगा शब्दावर अडकून रडवेला झाला तर ‘हा शब्द जरा अडला ना, असू दे, मी ऐकते आहे’ असे सरळ म्हणा. बालवाडीच्या बाईंना आत्ताच भेटून, तो बोलत असताना थांबून ऐकण्याची विनंती करा. आपल्या भावालाही त्याच्याशी बोलू द्या. आपल्यासारखे बोलणारा मोठा माणूस जवळ असणे हा मुलासाठी फार मोठा आधार असतो. भाऊ तयार असल्यास ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ या स्वयंसाहाय्य संस्थेचे गट त्यांना उपयोगी पडतील.

धागाकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. पुढील मंगळवारची वेळ मिळाली आहे. भावाला फोन केला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, मग ‘मीही येतो’ म्हणाला. एक शंका राहिली: जूनपासून मुलगा इंग्रजी माध्यमात जाणार आहे, घरी मराठी बोलणे कमी करावे का?

प्रतिसाद १:
मुळीच नको. दोन भाषांमुळे तोतरेपणा येत नाही. आजीशी ज्या भाषेत त्याच्या गप्पा रंगतात ती तशीच चालू ठेवा, आणि तपासणीच्या वेळी तो मराठीत बोलत असतानाचे पाच-दहा मिनिटांचे चित्रीकरण सोबत आणा; अनोळखी खोलीत मुले बरेचदा कमी अडखळतात.